चोवीस खिशांचं दार

वस्तू काय आहे ते आधी सांगते. दाराच्या वरच्या काठाला हुकांनी अडकवायचा कापडी पट्टा, जवळजवळ माझ्या उंचीचा. सहा ओळी, दर ओळीत चार खिसे, म्हणजे २४. विकणाऱ्यानं तो बुटांसाठी म्हणून विकलाय. फोटोत प्रत्येक खिशातून एकेक पांढराशुभ्र बूट डोकावतोय. परभणीच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पांढरे बूट घालणारं माणूस मला तरी अजून भेटलेलं नाही. मी हा पट्टा गेल्या ऑगस्टमध्ये ३४९ रुपयांना ऑनलाइन मागवला आणि त्यात बूट सोडून सगळं ठेवलं. आठ महिने वापरला, एकदा फाटला, दोनदा धुतला, आणि मग लिहायला बसलेय. पार्सल उघडल्या उघडल्या पाच चांदण्या देऊन मोकळं होणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तसल्याच चांदण्या बघून मी मागवला आणि पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला, पण ते पुढं.

मी जिल्हा परिषदेची मास्तरीण. शाळा जिंतूर रोडला, फाट्यापासून आत एक किलोमीटर पायी. रोजचं अपडाऊन. आम्ही चौघींनी मिळून लावलेली जीप कोपऱ्यावर पावणेनऊला येते आणि दोन मिनिटांच्या वर थांबत नाही. घरात आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, थोरली सातवीत, धाकटा दुसरीत, आणि ह्यांचं मोंढ्यात बी-बियाण्याचं दुकान. भांड्याला एक बाई होती, ती लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गावाकडं गेली ती तिकडचीच झाली.

सकाळी आठची गोष्ट. माझे हात पिठात. "मम्मी, मपला मोजा कुठंय?" दोन नाही, एकच मोजा हरवतो आमच्याकडं, रोज. "मम्मी, आयकार्ड?" आत्याबाईंचा बीपीच्या गोळीचा पुकारा. ह्यांचं तर निराळंच: "अगं, चावी कुठंय?" ठेवली ह्यांनी, रात्री, स्वतःच्या हातानं, आणि ठावठिकाणा विचारायचा मला. मी एका हातानं भाकरी थापायली अन् तोंडानं घरभराचे पत्ते सांगायली: टीव्हीच्या मागं बघ, उशीखाली बघ, फ्रीजवर बघ. स्वतःचा चष्मा शोधायला कोणाला विचारावं? तो मी दोन वेळा जीपमध्ये बसल्यावर आठवलाय, आणि त्या दोन्ही दिवशी हजेरी पोरांकडून वाचून घेतलीय.

गंमत म्हणजे शाळेत मी भारी टापटिपीची. भाषापेटी, गणितपेटी, सगळं कसं जिथल्या तिथं. पहिलीतलं लेकरूसुद्धा मण्यांची माळ जागेवर टांगतं, कारण त्या जागेवर माळेचं चित्र चिकटवलंय. घरी मात्र सगळ्या जागा माझ्या डोक्यात, आणि डोक्याला काही झाकण नाही की ज्यानं त्यानं उघडावं अन् बघून घ्यावं. हे माझ्या ध्यानात आलं एका दुपारी, खिचडी शिजायची वाट बघत बसले होते तेव्हा. म्हणून मला कपाट नको होतं. कपाटाला दार असतं, दारामागचं पुन्हा मलाच विचारणार. मला पाहिजे होतं असं काहीतरी, जे सगळ्यांना उभ्याउभ्या दिसंल.

आता तक्रार. पट्ट्यासोबत पत्र्याचे तीन हुक येतात. आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, मधल्या खोलीचं दार सागवानी. हुक लावायला गेले तर बसेचना. टेप आणून मोजलं: दार ४५ मिलिमीटर जाड, हुकाची खाच ३५ ची. म्हणजे नव्या फ्लॅटांना असतात त्या हलक्या दारांपुरता हा हिशेब. मालाच्या माहितीत 'सर्व दारांना योग्य' असं लिहिलंय. ज्यांच्याकडून घेतला त्यांना कळवलं, तर तीन वेळा दिलगिरी आली, हुक काही आले नाहीत. वस्तू फाटकी निघाली तरच परत घेऊ म्हणाले. हे म्हणाले, "घे, आता घाल त्यात पांढरे बूट."

मी तो पट्टा घेऊन तडक वेल्डिंगवाल्याकडं गेले. त्यानं लोखंडी पट्टी कापली, वाकवली, तीन हुक करून दिले. ९० रुपये. चहा येईपर्यंत काम झालं. त्यात त्यानं न सांगता एक गोष्ट केली, हुकांच्या आतल्या अंगाला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. "सागवानी हाय म्हणता ना ताई, खरवडंल." असल्या माणसाला चांदण्या द्यायची सोय कुठंच नसते. तेव्हा पट्ट्याची खरी किंमत ४३९ धरा.

दुसरी अडचण लगेच कळली. खिसे भरले की पट्टा फुगतो आणि दार उघडता-लावताना फाटकन आपटतो. खालच्या दोन कोपऱ्यांना परकराची नाडी शिवली आणि दाराच्या खालच्या अंगाला दोन स्क्रू मारून तिथं बांधली. तेव्हापासून गप आहे. एवढी गोष्ट कंपनीला सुचायला काय हरकत होती?

कोणता खिसा कोणाचा, ह्यावर आमच्याकडं खरंच बैठक झाली. माझी एक सहकारी आमच्या इथल्याच कृषी विद्यापीठात गृहविज्ञान शिकलेली. तिचं म्हणणं, रोज लागणारी वस्तू त्या माणसाच्या कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत पाहिजे, वाकायला नको अन् टाचा उचलायला नकोत. ते डोक्यात ठेवून मी धाकट्याला दाराशी उभा केला आणि पेन्सिलीनं खुणा केल्या. खालून दुसरी आणि तिसरी ओळ त्याची. त्याच्या वरची थोरलीची. ह्यांना आणि आत्याबाईंना पाचवीतले दोन-दोन खिसे. सगळ्यांत खालची ओळ चिंध्या, सुतळी, मेणबत्त्या, टॉर्च असल्या अडीअडचणीच्या गोष्टींची. सगळ्यांत वरची मी माझ्यासाठी ठेवली. ह्यांनी विचारलं, "तुला कामून चार?" मी म्हटलं, मोजा तर खरं, आजवर किती होते.

प्रत्येक खिशावर चित्र शिवलं. चित्रं लेकरांनी काढली. धाकट्यानं मोजा काढला तो हुबेहूब वांग्यासारखा झालाय, शेजारीण विचारते, वांगी इथं ठेवता का बाई? पण मोजे वांग्यात जातात आणि वांग्यातूनच निघतात, जोडीनं. आत्याबाईंना अक्षरओळख बेताची. त्यांच्या खिशावर सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र काढलाय. "मम्मी कुठंय" हे वाक्य बंद व्हायला साधारण तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी एकच पथ्य पाळलं. कोणी काही विचारलं की उत्तर द्यायचं नाही, दाराकडं बोट करायचं. ते अवघड होतं. सांगून टाकणं सोपं असतं, आणि सांगून टाकून टाकूनच आपण घराचं चौकशी खातं होऊन बसतो. ह्यांना सगळ्यांत जास्त दिवस लागले. बोट केलं की चिडायचे, "तोंडानं सांगितलं तर काय झालं?" मग एका रात्री बघते तर दुकानातून आल्या आल्या चावी खिशात टाकायलेत. मी काही बोलले नाही. बोलले असते तर बिघडलं असतं.

एके दिवशी ह्यांनीच पेपरातली बातमी वाचून दाखवली. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये लोकांचा वेळ कशात जातो ह्याची पाहणी केली, त्यात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ८८. हे थोडा वेळ पेपरकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मपली तर अठ्ठ्याऐंशी बी होत नसतील." मी म्हटलं, बरं झालं सरकारनं सांगितलं, माझं कुठं पटत होतं! तेव्हापासून रात्री दोन्ही लेकरांचे खिसे भरले का ते हे बघतात. दहा मिनिटांचं काम आहे. ७८ बाकी.

आता वरच्या ओळीविषयी. हा पट्टा घेतला तेव्हा मला असं काही सुचलं नव्हतं, पण झालं असं की दिवाळीच्या आधी मला जिना चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४. बाईमाणसाला १२ च्या वर पाहिजे. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांचं असंच आहे. नंतर बघितलं तर खरंच, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघालाय. लोहाच्या गोळ्या मला आधीही दोनदा दिल्या होत्या. दोन्ही वेळा पट्टी पर्सच्या तळाशी कागदांत चुरगळली आणि मी विसरले. शिवाय घ्यायचे ती सकाळच्या चहासोबत. ते तर चक्क वाया, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू असलं तर उलट जास्त लागतं. बाईंनी सांगितलं, जेवून दोन तास झाले की रात्री लिंबूपाण्यासोबत घ्या, आणि गोळीच्या आगंमागं तास-दोन तास चहाचं नाव काढू नका. ह्या गोळ्यांनी पोट धरतं, म्हणून पाणी आणि पालेभाजी वाढवा.

तर आता वरच्या ओळीत पहिला खिसा गोळ्यांचा. रात्री दारातनं आत जाताना ती पट्टी डोळ्यांपुढं येतेच. पाच महिने झाले, चार-पाच दिवस सोडले तर खाडा नाही. मार्चमधलं हिमोग्लोबिन ११.१. धाप गेली. आमच्या ह्यांना मी एक टोमणा रोज मारते. इथल्याच विद्यापीठानं २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण आणलं, त्यात लोह आणि जस्त साध्या ज्वारीपेक्षा जास्त. ह्यांचं दुकान बियाण्याचं, गिऱ्हाइकांना ह्या वाणाचे गुण पाठ सांगतात, आणि घरात बायकोचं रक्त साडेनऊ. आता एका शेतकऱ्याकडून दोन पायल्या ती ज्वारी आणलीय. भाकरी चवीला आपल्या ज्वारीसारखीच, रंगात किंचित फरक वाटतो मला. आत्याबाईंना वाटत नाही.

गोळ्या आधी मी खालून तिसऱ्या ओळीत ठेवल्या होत्या. ही माझी चूक आणि ती सगळ्यांनी वाचावी. शेजारचं दोन वर्षांचं लेकरू आमच्याकडं खेळत होतं, त्यानं चित्राची चिंधी ओढली, पट्टी बाहेर आली आणि लाल गोळी म्हणजे त्याला चॉकलेट. मी भाजी निवडत होते. पट्टी चावायचा आवाज ऐकून मान वर केली. एकही गोळी फुटली नव्हती, पण माझे हातपाय गार पडले. लोहाच्या गोळ्या लहान लेकरानं जास्त खाल्ल्या तर जिवावर बेततं. त्याच दिवशी आमची सगळी औषधं वरच्या ओळीत आली. आत्याबाईंचे सूर्य-चंद्रसुद्धा माझ्या दुसऱ्या खिशात, त्यांना हात पुरत नाही म्हणून थोरली काढून देते. म्हणजे चारातला एक गेलाच. लहान लेकरू घरात येत-जात असेल तर ह्या पट्ट्यात खाली औषध नको, आणि वर ठेवलं तरी दाराशेजारी खुर्ची नको. खरं तर औषधाला झाकणाचा डबाच बरा. मी उघड्यावर ठेवते ते केवळ दिसलं नाही तर घेणार नाही म्हणून, आणि हे मला पटलेलं नाही.

तिसऱ्या खिशात चष्मा. चौथ्यात वज्री, एक जुनी कापडी पट्टी आणि घाण्यावरच्या करडीच्या तेलाची बाटली. फाट्यापासूनच्या त्या एक किलोमीटरनं माझ्या टाचांची शेतजमीन केलीय, उन्हाळ्यात भेगा पडतात तशा. टाचांच्या महागड्या मलमांच्या दोन ट्यूबा आणून झाल्या, न वापरता वाळल्या. त्या कपाटात होत्या ना! आता रात्री गोळी घेतली की वज्री समोर दिसते. बादलीत पाय घालते, घासते, तेल लावते, आणि दहा मिनिटं कोणाशी बोलत नाही. नळ आमच्याकडं आठ-दहा दिवसांनी येतो, म्हणून ते पाणीसुद्धा मागं तुळशीला जातं. परवा आत्याबाई बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बरं करायलीस बाई. मपले पाय असेच गेले, शेतात अन् चुलीम्होरं." मग मी त्यांचेही घेतले बादलीत. त्या नको नको म्हणत होत्या आणि पाय काही काढत नव्हत्या.

कापडाविषयी थोडं. हे कापड म्हणजे लग्नात आहेराच्या पिशव्या येतात त्याच जातीचं, विणलेलं नाही, दाबून केलेलं. हलक्या वस्तूंना चालतं. आत्याबाईंनी एकदा त्यात अडकित्ता टाकला आणि दुसऱ्या दिवशी खिसा खालून उसवून लोंबत होता. शिवण एकेरी आहे, टाके लांब लांब. आत्याबाईंनीच मग दाभण घेतलं, गोधडीचा दोरा घेतला, जुन्या इरकली लुगड्याचं ठिगळ आतून लावलं. आता तो खिसा सगळ्या पट्ट्यात दणकट आहे, आणि बाकीच्या तेवीस खिशांना त्याची लाज वाटावी इतका देखणा. धुताना मशीनमध्ये घालू नका, बादलीत बुडवून हलक्या हातानं. पहिल्या धुण्याला करडा रंग थोडा गेला. धूळ मात्र फार धरतो. खिशाच्या तळाला रस्त्यावरची धूळ साचते, महिन्याला एकदा उलटा करून झटकावा लागतो. खाण्याची वस्तू ठेवूच नका. धाकट्यानं शेंगदाण्याची चिक्की लपवली होती, मुंग्यांची रांग थेट उंबऱ्यापासून लागली.

पारदर्शक प्लास्टिकच्या खिशांचाही असाच पट्टा मिळतो, आतलं दिसतं म्हणून मोह होतो. माझ्या जालन्याच्या बहिणीनं तो घेतला. मे महिन्यात पारा ४४ ला टेकला की ते प्लास्टिक आधी चिकट होतं, मग पिवळं पडतं, आणि पावसाळ्यात कडक होऊन कोपऱ्यात तडकतं. आपल्या हवेला कापडच.

आणि एक हळहळ. फेब्रुवारीत परभणीच्या उरुसात गेलो होतो, लेकरांना पाळण्यात बसवायला. तिथं एका मांडणीवर असाच पट्टा, १६ खिशांचा, जाड जीनच्या कापडाचा, दुहेरी शिवण. २५० सांगितले, १८० ला दिला असता. हुक नव्हते, वर कापडी फास होते, म्हणजे सरळ खिळ्याला टांगायचा. मी हात लावून बघितला, शिवण ओढून बघितली, आणि आहे की एक घरी म्हणून सोडून आले. तेव्हा घाई नसेल तर उरुसाची किंवा गावच्या जत्रेची वाट बघा, हातात घेऊन बघता तरी येतं.

चांदण्या द्यायच्याच तर पट्ट्याला पाचपैकी अडीच. हुक आणि शिवण ह्यांनी बाकीच्या खाल्ल्या. पण परत घेणार का विचाराल तर घेणार, आत्याबाईंच्या खोलीच्या दाराला, त्यांनीच मागितलाय. अडकित्ता, जपमाळ, चष्मा, भजनाची वही आणि मुख्य म्हणजे नातवंडांच्या हाती लागू नये अशी त्यांची पैशांची पुरचुंडी. ह्या वेळी जीनचा बघते. ते दार मोजून ठेवलंय, ४० मिलिमीटर. वेल्डिंगवाल्याला निरोप धाडलाय, ट्यूबचे तुकडे विसरू नको म्हणून.